वधूपित्याचं इंग्रजी

इटालियन बोलणाऱ्यांना इंग्रजी शिकवायचं काम मला मिळालं, त्याचं कारण आधीच्या बाईंचं बाळंतपण. त्या बाई मूळच्या इटलीच्याच. त्या रजेवर गेल्या आणि त्सुफेनहाउझेन या आमच्या जर्मन उपनगरातल्या मोठ्या माणसांच्या संध्याकाळच्या वर्गाला शिकवायला कोणी उरलं नाही. मी तिथे माझ्या स्वतःच्या जर्मन वर्गासाठी नाव घालायला गेले होते. काउंटरवरच्या बाईंनी माझ्या अर्जावर 'पूर्वीचा व्यवसाय: इंग्रजीची प्राध्यापिका, ज्युनियर कॉलेज, पुणे' असं वाचलं आणि विचारलं, "मंगळवारी संध्याकाळी वेळ असतो का तुम्हाला?"

"असतो," मी म्हटलं. "पण मला इटालियन येत नाही."

"काही बिघडत नाही. शिकवायचं इंग्रजी आहे."

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. मी हो म्हटलं. माझा जर्मनचा वर्गही मंगळवारीच होता, तो राहून गेला.

वर्गात जेमतेम सहा जण. बहुतेकांचं आयुष्य इथेच गेलेलं, त्यामुळे त्यांचं जर्मन माझ्यापेक्षा बरंच बरं होतं, आणि वर्गाचा कारभार जर्मनमध्ये चालायचा. मी इंग्रजी समजावताना जर्मनमध्ये चुका करायचे आणि ते त्या सुधारायचे. त्या मोबदल्यात मी त्यांचं इंग्रजी सुधारायचे. फी मात्र तेच भरत होते.

पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला विचारलं की इंग्रजी कशासाठी शिकायचं आहे. स्टेशनजवळ केस कापायचं दुकान चालवणाऱ्या एक बाई म्हणाल्या, "प्रवासाला." आणखी दोघं-तिघं म्हणाले, "प्रवासाला." मागच्या बाकावर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ होते. इस्त्रीचा शर्ट, कोट, समोर टोक केलेली पेन्सिल. तरुणपणी दक्षिण इटलीतून आले होते आणि इथल्या गाड्यांच्या कारखान्यात रंगखात्यात काम करून निवृत्त झाले होते. ते म्हणाले, "मे महिन्यात माझ्या मुलीचं लग्न आहे. आयर्लंडमध्ये. मुलगा तिकडचाच. मला भाषण करायचं आहे."

"किती वेळाचं?" मी विचारलं.

त्यांनी विचार केला. "सूप गार होणार नाही इतकं."

वर्गात त्यांना 'सिन्योर' म्हणायचो. इथे मी त्यांना आजोबा म्हणते, तशी त्यांना नातवंडं नव्हती.

माझ्या लवकरच लक्षात आलं की या मंडळींची अडचण पुण्यातल्या माझ्या विद्यार्थ्यांसारखी नाही. पुण्यातल्या मुलांना शब्द येत नसत. यांना शब्द फार येत होते. जिथे इटालियनमध्ये एका शब्दावर भागतं तिथे इंग्रजीत दोन-तीन उभे असत, आणि हे लोक त्यातला नेमका नको तो उचलत. 'से' आणि 'टेल' हे त्यांच्याकडे एकच. मला त्यात कधीच काही अवघड वाटलं नव्हतं, कारण आपल्याकडे म्हणणं वेगळं आणि सांगणं वेगळं. पण हे जर्मनमधून कसं समजावायचं ते मला जमेना. मी फळ्यावर दोन रकाने आखले. पुढच्या मंगळवारी सगळ्यांनी दोन्ही रकाने पाठ करून आणले आणि बोलताना एकही वापरला नाही.

दुसरा प्रकार याहून वाईट होता. शब्द दिसायला ओळखीचा, अर्थ परका. आजोबांनी भाषणाचा पहिला मसुदा वाचून दाखवला तेव्हा हे मला नीट कळलं. ते उभे राहिले, कोटाचं बटण लावलं आणि सावकाश इंग्रजीत वाचलं. त्याचा मराठीत अर्थ असा होत होता: "माझी मुलगी अतिशय व्यवहारी आहे. मुलगा शिकलेला आहे. तो तिचा मान ठेवतो असं मी सोंग करतो. आणि शेवटी मी आयर्लंडला त्यांच्याकडे राहायला येणार आहे."

वर्गाने टाळ्या वाजवल्या.

मी त्यांना बसायला सांगितलं आणि एकेक वाक्य घेतलं. 'सेन्सिबल' म्हणजे त्यांना हळवी म्हणायचं होतं. 'एज्युकेटेड' म्हणजे वळण असलेला; मुलगा जेवण झाल्यावर स्वतःची थाळी स्वयंपाकघरात नेतो, हे त्यांनी पाहिलं होतं. मुलाचं शिक्षण किती ते त्यांना माहीत नव्हतं आणि त्याच्याशी त्यांना कर्तव्यही नव्हतं. 'प्रिटेंड' म्हणजे अपेक्षा करतो, हक्काने मागतो. हे तिन्ही त्यांनी मान हलवून मान्य केले आणि खोडून वर नवे शब्द लिहिले.

'इव्हेंच्युअली'ला मात्र ते अडून बसले.

"इव्हेंच्युअली म्हणजे कदाचित," ते म्हणाले. "जमलं तर. बोलावलं तर."

"नाही," मी म्हटलं. "इव्हेंच्युअली म्हणजे उशिरा का होईना, पण नक्की."

मग केसांच्या दुकानाच्या बाई म्हणाल्या, "सिन्योरा, आमच्याकडे तर त्याचा अर्थ कदाचितच आहे."

"तुमच्याकडे असेल. इंग्रजीत नाही."

"आणि जर्मनमध्येही कदाचितच आहे," दुसरे कोणीतरी म्हणाले. हे खरं होतं. 'इव्हेंटुएल' हा शब्द मी रोज ऐकत होते आणि त्याचा अर्थ 'बघू' असाच होता. तेवढ्यात इमारतीची देखभाल करणारे हाउसमाइस्टर हीटरचं काही तपासायला आत आले. वर्गाने त्यांनाच पंच नेमलं. हीटरच्या नळावर हात ठेवून त्यांनी प्रश्न ऐकून घेतला.

"इव्हेंच्युअली?" ते म्हणाले. "आल्झो, कदाचित. दुसरं काय?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," वर्ग एका आवाजात म्हणाला.

दोन देश एका बाजूला आणि मी एका बाजूला. कोणीतरी अतिशय सभ्यपणे विचारलं की भारतात इंग्रजी कदाचित वेगळं असतं का. मी फोनवर शब्दकोश काढून सगळ्यांना फिरवून दाखवला. त्यांनी तो वाचला. आजोबा बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी जावयाला सांगितलं असतं की मी तुझ्या घरी येऊन राहणारच आहे."

"हो."

"लग्नाच्या दिवशी."

"हो."

त्यांनी ते वाक्य पूर्ण खोडलं. 'परहॅप्स' घाला असं मी सुचवलं, पण त्यांचा त्या वाक्यावरचाच विश्वास उडाला होता.

मार्चमध्ये माझ्या सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या. मंगळवारी संध्याकाळी नवरा मुलीला पोहायला घेऊन जायचा, आणि आईंना घरी एकटं बसायला आवडत नव्हतं. "इथे खिडकीतून बघायला माणूस नाही," त्या म्हणायच्या. म्हणून मी त्यांना वर्गात न्यायला लागले. साडी, त्यावर माझ्या नवऱ्याचं जाड जॅकेट, पायात मोजे आणि चपला, अशा त्या मागच्या बाकावर आजोबांच्या शेजारी बसत. आजोबा त्या आल्या की उठून उभे राहत. त्या "बसा, बसा" म्हणत आणि ते बसत. दोघांत एवढंच बोलणं, पण चालू होतं व्यवस्थित.

आई बँकेतून निवृत्त झालेल्या होत्या आणि त्यांना इंग्रजी उत्तम कळत होतं. वर्गाचं जर्मन मात्र कळत नसे. घरी येताना एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, त्या मला विचारत, "आज कशावरून वाद झाला?" आणि मी सांगत असे.

"मुलीचा बाप भाषण करणार?" त्यांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं.

"हो, त्यांच्यात तशी पद्धत आहे."

"आपल्याकडे नाही ते बरं आहे. आपल्याकडे बापाला त्या दिवशी शुद्ध कुठे असते? तुझे बाबा तर चपला कुठे काढल्या ते शोधत होते."

एप्रिलच्या सुरुवातीला केसांच्या दुकानाच्या बाईंनी आजोबांना सगळ्यांच्या मनातला प्रश्न विचारला. भाषणाचे तोवर पाच-सहा मसुदे झाले होते आणि दर वेळी एक वाक्य कमी होत होतं. त्या म्हणाल्या, "एवढा त्रास कशाला घेता? इटालियनमध्ये बोला. मुलीला दोन्ही भाषा येतात. ती शेजारी उभी राहून सांगेल इंग्रजीत."

"तिनेही तेच म्हटलं," आजोबा म्हणाले. "म्हणूनच."

मग त्यांनी सांगितलं. आधी जर्मनमध्ये सांगत होते. कारखान्यात त्यांच्या तुकडीत सगळे इटलीतले, त्यांच्याच भागातले होते, त्यामुळे वीस-बावीस वर्षं जर्मनवाचून अडलं नाही. अडलं तिथे मुलगी होती. दुसरीत होती तेव्हापासून ती त्यांच्याबरोबर कचेऱ्यांत जायची. टेबलाची कड तिच्या हनुवटीला लागायची. घरभाड्याचं भांडण तिने केलं, तिच्याच शाळेतल्या तक्रारी तिनेच बापाला भाषांतर करून सांगितल्या. "त्यात ती थोडं गाळायची," आजोबा म्हणाले. "ते मला नंतर कळलं."

मग त्यांची बायको आजारी पडली. मुलगी तेव्हा तेरा वर्षांची. डॉक्टरांनी तिघांना समोर बसवलं आणि जर्मनमध्ये बोलले. इथवर आल्यावर आजोबांनी, का कोण जाणे, पुढचं इंग्रजीत सांगितलं.

"डॉक्टर सेड," ते म्हणाले. "माय डॉटर टोल्ड मी."

फळ्यावरचे दोन्ही रकाने बरोबर वापरले गेले होते. शिक्षिका म्हणून मी 'व्हेरी गुड' म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

"त्यानंतर मी जर्मन शिकायला गेलो," ते पुन्हा जर्मनमध्ये आले. "चांगलं शिकलो. आता तिच्या लग्नात ती पुन्हा माझ्याशेजारी उभी राहून भाषांतर करणार नाही. ती बसेल. जेवेल."

मी घड्याळ बघितलं आणि पुस्तकातला पुढचा धडा काढायला सांगितला. तो हॉटेलात खोली मागण्याचा होता.

घरी येताना मी आईंना हे सांगितलं. त्यांनी जॅकेटची चेन वर ओढली. मग म्हणाल्या, "परवा डॉक्टरकडे आपली छोटी तुझ्या वतीने बोलत होती."

"माझ्या खोकल्याबद्दल," मी म्हटलं. "खोकल्याचं जर्मन मला जमत नाही."

"मी कुठे काय म्हटलं?"

माझी मुलगी नऊ वर्षांची. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि डॉक्टरांसमोर याच्या उलट, ते जर्मनमध्ये विचारतात आणि ती मला मराठीत सांगते. मला त्यात सोय वाटायची. ती मध्ये काय गाळते हे मी कधी तपासलं नव्हतं. पुढच्या खेपेला मी तिला बाहेरच्या खोलीत पुस्तक देऊन बसवलं आणि आत एकटी गेले. डॉक्टर सावकाश बोलले. मला निम्मं कळलं. खोकला बरा झाला. तो वर्ग चालू असताना मी मुद्दाम केलेला जर्मनचा अभ्यास एवढाच.

लग्नाच्या आधीच्या शेवटच्या वर्गात भाषण पक्कं करायचं होतं. आता त्यात फार थोडी वाक्यं राहिली होती. मधलं वाक्य मात्र सुटत नव्हतं. आजोबांनी लिहिलं होतं, तू लहान असताना तुझे शाळेतले कार्यक्रम, तुझे वाढदिवस मी 'लॉस्ट', कारण माझी श्पेटशिख्त असायची. म्हणजे दुपारी सुरू होणारी पाळी; घरी येईपर्यंत मुलगी झोपलेली.

"'लॉस्ट' नाही," मी म्हटलं. "'मिस्ड'. कार्यक्रम मिस होतो. किल्ली लॉस्ट होते."

"इटालियनमध्ये दोन्हीला एकच आहे."

"म्हणूनच सांगते आहे."

"पण मिस तर गाडी होते," ते म्हणाले.

"गाडी मिस होते, कार्यक्रमही मिस होतो. माणसाची आठवण येते तेव्हाही मिस. नेम चुकला तरी मिस."

"आणि शाळेतल्या बाईंनाही मिस," केसांच्या दुकानाच्या बाई म्हणाल्या. "आमच्याकडे एका शब्दाला चार अर्थ असले की ती आमची चूक. इंग्रजांकडे असले की तो नियम."

आजोबांचं तिकडे लक्ष नव्हतं. "गाडी मिस झाली तर पाठोपाठ दुसरी येते," ते म्हणाले. "दर पंधरा मिनिटांनी येते. मला ते म्हणायचं नाही."

मागून आईंनी मराठीत विचारलं, "अगं, कुठे अडलंय?"

मी त्यांना सांगितलं. आईंनी हातातलं विणकाम मांडीवर ठेवलं. "चुकलं म्हणता येणार नाही," त्या म्हणाल्या. "चुकलं म्हटलं की त्याच्याकडे दोष जातो, आणि कामावर जाणं हा काही दोष नाही. हुकलं म्हणावं, तर हुकतं ते थोडक्यात. बस हुकते, कॅच हुकतो. या माणसाचं पोरीचं लहानपणच्या लहानपण गेलं. हरवलं म्हणू दे त्याला."

"आई, इंग्रजीत ते चूक आहे."

"असू दे की. परीक्षा आहे का?"

वर्ग माझ्याकडे बघत होता. मी हे सगळं जर्मनमध्ये सांगायचा प्रयत्न केला. चुकणं, हुकणं आणि हरवणं या तिघांना वेगवेगळे जर्मन शब्द शोधताना माझा चेहरा लाल झाला, पण क्रिकेटचा कॅच वगळता बाकीचं पोचलं असावं. आजोबा उभे राहिले, आईंकडे वळले आणि किंचित वाकले.

"बसा, बसा," आई म्हणाल्या.

त्यांनी 'लॉस्ट' ठेवलं. मी शिक्षिका या नात्याने पुन्हा एकदा सांगितलं की हे चूक आहे, आणि त्यांनी पुन्हा एकदा मान हलवली.

मे महिन्यात ते आयर्लंडला गेले. त्याच सुमारास आई पुण्याला परतल्या. दोन मंगळवार आजोबांची जागा रिकामी होती. तिसऱ्या मंगळवारी ते आले, हातात एक डबा, डब्यात लग्नाचा काळा, जड, सुक्या मेव्याचा केक. तो कापून होईपर्यंत कोणी काही विचारलं नाही. मग सगळ्यांनी एकदम विचारलं.

त्यांनी सांगितलं ते असं. जेवणापूर्वी त्यांचं नाव पुकारलं. ते उभे राहिले आणि खिशातून कागद काढला. मुलगीही उठली. तिने ठरवून केलं नसावं, ती आपोआप उठली आणि त्यांच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. लहानपणी कचेऱ्यांत ती डावीकडेच उभी राहायची.

"मी म्हटलं, सिट," आजोबा म्हणाले. "'प्लीज' म्हणायचं राहिलं."

"मग?"

"ती बसली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मग नवऱ्याने तिची खुर्ची ओढली, तेव्हा बसली."

त्यानंतर त्यांनी भाषण केलं. 'सेन्सिटिव्ह' त्यांनी महिनाभर घोकलं होतं, पण ऐन वेळी तोंडातून 'सेन्सिबल' निघालं. माझी मुलगी लहानपणापासून अतिशय व्यवहारी आहे, असं ते म्हणाले आणि मुलीच्या मैत्रिणींचं एक अख्खं टेबल हसायला लागलं. हसणं थांबेचना. मुलगी दर वर्षी एकदा तरी पासपोर्ट हरवते, हे आजोबांना तिथे पहिल्यांदा कळलं. लोकांना वाटलं, वधूपिता विनोदी आहे. त्यांनी ते तसंच राहू दिलं.

"आणि ते वाक्य?" केसांच्या दुकानाच्या बाईंनी विचारलं.

"म्हटलं."

"लॉस्ट?"

"लॉस्ट."

"लोक काय म्हणाले?"

"काही नाही. सूप आलं होतं."

आम्ही केक खाल्ला. आजोबांनी स्वतःचा तुकडा कागदी रुमालावर ठेवला होता, त्याचा एक कोपरा ते बोटाने सारखा करत राहिले. मग म्हणाले, "नंतर नाच होता. मला नाचता येत नाही, पण ती घेऊन गेली. नाचता नाचता ती माझ्या कानाशी म्हणाली, पप्पा, मिस्ड असतं ते. लॉस्ट नाही."

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"मला माहीत आहे, म्हटलं."

"इंग्रजीत?"

"हो," ते म्हणाले. "इंग्रजीत."

"आणि ती?"

"गाणं संपलं तरी सोडेना. लोकांना वाटलं असेल, म्हाताऱ्याला चक्कर आली."

त्यांनी रुमाल उचलून केक खाल्ला. मग पेन्सिलीला टोक केलं आणि धडा कोणता ते विचारलं.

रविवारी आईंचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. मुलगी उठली ते, खुर्ची ओढली ते, नाचातलं बोलणं. शेवटी त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि परत लावला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "जेवायला काय होतं?"

"विचारलं नाही."

"एवढं सगळं विचारलंस आणि जेवायला काय होतं ते विचारलं नाहीस?"

मंगळवारी मी वर्ग सुरू होण्याआधीच विचारून घेतलं. कोकराचं मटण, गाजरं आणि तीन प्रकारचे बटाटे. आईंना कळवलं. त्यांचा उलट निरोप आला, तीन प्रकारचे म्हणजे कोणते ते नीट विचार.